वाट चुकू नये म्हणून

सत्कार्यासाठी शेकडो मैल सायकल चालविण्याची प्रथा आता आपल्याकडेही रूढ होत आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली, ती ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ या आदिवासी-सेवेच्या नावाने.

अशा यात्रेस आज मार्गाच्या ‘जीपीएक्स’ फाइलीचा मोठा आधार असतो. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत मार्गावरील बिंदूंचे अक्षांश, रेखांश व उंची ओळीने नोंदलेली असते. आमच्या भाषेत ती प्रवासाची बिल्टीच होय. उपग्रहांचे संकेत यंत्रास थेट मिळतात. म्हणून फाइल व नकाशा आधी उतरवून घेतल्यास बैहरच्या घाटात मोबाइल मुका झाला तरी वाट सापडते.

परंतु आमचा एक अनुभव ध्यानी घ्यावा. पावसाळ्यात आमच्या तांदळाचा ट्रक यंत्राच्या भरवशावर आडवाटेस गेला. पुढे पूल पाण्याखाली. माल रात्रभर भिजला. यंत्र खोटे बोलले नव्हते. ती वाट आधी कोणी पाहिलीच नव्हती. सायकलस्वाराच्या बाबतीत पोती नव्हे, प्राण पणास लागतात.

बालाघाटात असा उपक्रम व्हावा, ही आमची मनीषा आहे. त्यासाठी व्यापारी बंधूंनी देणगीबरोबर एक दिवसही द्यावा. मार्ग स्वतः फिरून पाहावा. पाण्याची व औषधोपचाराची ठिकाणे फाइलीत नोंदवावी. आणि तीच एक फाइल स्वार, स्वयंसेवक व रुग्णवाहिका या सर्वांच्या हाती असावी. माल पाहिल्यावाचून सही न करणाऱ्या आपणांस हे अवघड नाही.