बसवलं की बसलं?

तिसरा स्टड तुटला तेव्हा मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि बारक्याला चहा सांगायला पाठवलं. शिव्या नाहीत, चिडचिड नाही. तुटलेल्या टोकावर बोट फिरवत ते एवढंच म्हणाले, "वीस वर्षं तापलाय आन् गार झालाय बिचारा. आता 'निघ' म्हटलं की निघतोय व्हय?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथच्या दुकानांमधल्या बोळात त्यांचं गॅरेज आहे. दारात माझी 2001 सालची एस्टीम बॉनेट वर करून उभी होती आणि मागच्या सीटवरच्या खोक्यात स्टेनलेस स्टीलचा चकचकीत हेडर पडला होता. मूळच्या गाडीत चार सिलिंडरचा जळका वायू बिडाच्या एका बुटक्या मॅनिफोल्डमधून बाहेर पडतो. हेडरमध्ये चौघांना चार लांब नळ्या. त्या आधी दोनात आणि मग एकात मिळतात. एकाच्या धुराने दुसऱ्याची वाट अडवू नये, उलट पुढे गेलेल्या लोंढ्यामागे जो दाब कमी होतो त्याने मागच्याला ओढून घ्यावं, ही त्यातली युक्ती. युक्ती खरी आहे. एस्टीम ही आपल्याकडच्या रॅलीवाल्यांची एके काळची लाडकी गाडी, आणि रॅलीच्या एस्टीमखाली असा हेडर दिसायचाच. माझ्या खोक्यावर तर 'दहा टक्के जास्त ताकद' असं छापलेलं होतं. मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो, पण छापील आकडा पाहून मीही भुललो. जुना काढायचा, नवा लावायचा, दोन तासांचं काम. लागले नऊ दिवस.

गॅरेजच्या बोलीत 'बसणं' या शब्दाला दोन तोंडं आहेत. पार्ट बसला म्हणजे काम फत्ते. इंजिन बसलं म्हणजे सगळंच संपलं. या दोन अर्थांमध्ये किती थोडं अंतर असतं, ते मला त्या नऊ दिवसांत कळलं.

आधी स्टडचं. या इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि त्यात फिरवलेले, मॅनिफोल्डला धरून ठेवणारे स्टड पोलादाचे. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षांचा गंज आट्यांमध्ये सिमेंटसारखा घट्ट होतो. आदल्या रात्री मिस्त्रींनी रॉकेल सोडून ठेवलं होतं, सकाळी ब्लो-लँपने शेक दिला, आणि तरीही तीन तुटलेच. ड्रिल मारून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालू या, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "त्यो आत तुटला तर? त्याला ड्रिलबी लागत न्हाई. मग हेडच खाली उतरवायचं." त्यांनी तुटलेल्या टोकावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका दिला. वेल्डिंग पोलादाला धरतं, भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या आचेने गंजाची पकडही सुटते. लालबुंद नट जरा काळवंडला तसा त्यांनी पाना लावला. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. पहिला स्टड किरकिरत निघाला. दुसराही. तिसऱ्याने मात्र येताना हेडमधले आटे सोबत आणले.

आटे गेले की नवशिका घाबरतो. मिस्त्रींनी भोक थोडं मोठं केलं, नवा टॅप मारला आणि त्यात स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेला पोलादी इन्सर्ट फिरवला. आता त्या भोकाचे आटे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा भक्कम आहेत. ड्रिल सरळ राहावं म्हणून त्यांनी आधी एका लाकडी ठोकळ्यातून भोक पाडून घेतलं होतं आणि तो ठोकळा हेडवर बांधला होता. हातात सव्वा लाखाचं यंत्र असतं तरी त्यांनी तेच केलं असतं, असं मला वाटतं.

नवा हेडर हातात घेतल्यावर मिस्त्रींनी त्याची चकाकी पाहिलीच नाही. शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढली, हेडच्या बाजूला बसणाऱ्या फ्लेंजवर आडवी धरली आणि पट्टीखाली फीलर गेजची पाती सरकवायला लागले. 0.10 ची गेली. 0.20 ची गेली. 0.35 ची मधल्या दोन भोकांपाशी अडखळत का होईना, गेली. फ्लेंजला केळीसारखा बाक होता. चार नळ्या एका बाजूने वेल्ड केल्या की धातू त्या बाजूला ओढला जातो. वेल्डिंगनंतर तोंड पुन्हा सपाट करायचं असतं, ते कोणी केलेलं नव्हतं. मी म्हटलं, नट आवळले की सरळ होईल. "हुईल की," मिस्त्री म्हणाले, "गार असेपर्यंत. तापला की त्यो आपल्या मूळ वळणावर जातोय. मानसासारखंच हाय त्ये."

शेजारच्या दुकानात सरफेस ग्राइंडर होता. तिथल्या टर्नरने फ्लेंज टेबलावर ठेवली, चुंबक चालू केला आणि फ्लेंज हाताने सहज उचलून दाखवली. या जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही. मग मिलिंग मशीनवर क्लॅम्प लावून धरायचं, तर खाली लोंबकळणाऱ्या चार वाकड्या नळ्या धरायच्या कशाला? त्यात एक दिवस गेला. शेवटी त्याने जाड प्लेटचा एक जुगाडू पाट बनवला, नळ्या त्याच्या खाचांतून खाली सोडल्या आणि तोंडावरून दोन हलके कट घेतले. पहिल्या कटात कडा चकाकल्या, मध्य तसाच काळा राहिला. दुसऱ्या कटात सगळं एकसारखं झालं. बाक किती होता ते तेव्हा मला डोळ्यांनी दिसलं.

हेडर लागला. आठ एमएमचे नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. त्या नटांना वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात, आणि हौशी माणूस हाताच्या अंदाजाने हटकून जास्त देतो. गाडी सुरू झाली, आवाज असा खर्जातला आला की बारक्याने शिट्टी मारली. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढली. इंजिन आपल्या रबरांवर कलंडलं आणि खालून 'खण्ण' असा आवाज आला. उभ्या गाडीत नळी आणि क्रॉसमेंबर यांच्यात बोटभर जागा होती. पण रेस केली की इंजिन कलतं, आणि वीस वर्षांची माउंटिंगची रबरं मेलेली होती, त्यामुळे ते जरा जास्तच कलत होतं. बिडाचा मॅनिफोल्ड आखूड असल्याने ही रबरं मेलीत हे कोणाला कळलंच नव्हतं. नवी रबरं आली. आणखी दीड दिवस.

सातव्या दिवशी गाडी घरी नेली. आठवड्याचा आनंद दोन दिवस टिकला. लिटरला चौदा देणारी गाडी दहावर आली, मागे पेट्रोलचा वास येऊ लागला आणि प्लग काढून पाहिले तर काजळी धरलेले. ताकद वाढण्याऐवजी गाडी जड वाटत होती. इंजेक्टर, पंप, सगळ्यांवर संशय घेऊन मी परत उद्यमनगरात.

मिस्त्रींनी एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला मल्टिमीटर लावला. हा सेन्सर जळक्या वायूत प्राणवायू किती उरलाय ते सांगतो. मिश्रण ठीक असेल, म्हणजे एका भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा, तर त्याचा काटा साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टच्या दरम्यान सारखा खालीवर नाचतो. माझा 0.1 च्या आसपास रेंगाळत होता. म्हणजे सेन्सर ईसीयूला, इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगत होता, 'हवा फार, पेट्रोल कमी.' आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत होता. प्लग मात्र उलटं सांगत होते.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," असं म्हणून मिस्त्रींनी गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली. इंजिन थंड होतं, ते सुरू केलं आणि बारक्याला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायला लावलं. उदबत्ती ते प्रत्येक सांध्याजवळून सावकाश नेत गेले. हेडपाशी धूर सरळ वर चढत होता. दोनाची एक नळी होते त्या सरकत्या सांध्याशी, सेन्सरच्या वीतभर आधी, धूर एकदम फुटला. फुटला, स्थिर झाला, पुन्हा फुटला. तिथून वायू बाहेर पडत होता. पण खरा घोटाळा बाहेर पडण्यात नव्हता. एक्झॉस्टमध्ये दाब ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तो बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. हेडरची सगळी करामत ज्या ओढीवर चालते, तीच ओढ त्या फटीतून बाहेरची ताजी हवा आत घेत होती. सेन्सरला ती हवा दिसत होती. तो खोटं बोलत नव्हता, त्याला चुकीची गोष्ट दाखवली जात होती.

सांधा वेल्ड करून बंद केला. दुसऱ्या दिवशी काटा नाचायला लागला. हेडरसोबत मी शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टरही हौसेने आणला होता. तो मिस्त्रींनी दोन बोटांत धरून परत दिला. मूळचा डबा हवा पुढून, बाहेरून घेतो. हा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. हिशेब मी घरी केला. बाहेर 35 अंश आणि बॉनेटखाली 65 धरले, तर त्याच दाबाची हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. खोक्यावरचे दहा टक्के मिळवायचे आणि नऊ तिथेच घालवायचे.

त्याच आठवड्यात एका पोराची डिझेल स्विफ्ट आली होती. 1248 सीसीचं इंजिन, कंपनीतून निघताना 190 न्यूटन-मीटर टॉर्क. त्याने ट्यूनिंग बॉक्स लावला होता. हा डबा इंधनाच्या रेल प्रेशरचा आकडा ईसीयूला मुद्दाम कमी सांगतो, म्हणजे ईसीयू दाब वाढवतो. ताकद खरोखर वाढते. आंबा घाटात चौथ्या गिअरला त्याने पाय दाबला, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी होती त्याच वेगात राहिली. पाठोपाठ करपल्याचा वास. इंजिनला काही झालं नव्हतं, वाढलेला टॉर्क क्लचप्लेटला पेलला नव्हता. "दादा, आता क्लचबी मोठा टाकू या का?" पोराने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "टाकू की. मग गिअरबॉक्स आपलं गाऱ्हाणं सांगंल."

ट्रॅकसाठी तयार होणारं एक इंजिन आतल्या टेबलावर उघडं होतं. तिथे मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो. हेड अर्धा मिलिमीटर घासून काँप्रेशन वाढवायचं ठरलं होतं. एका सिलिंडरचं घनफळ सव्वातीनशे सीसी आणि वरची जागा चाळीस सीसी धरा. अर्ध्या मिलिमीटरने त्यातले फार तर दोन सीसी जातात आणि गुणोत्तर नऊवरून साडेनऊच्या जवळ येतं. वाचताना सोपं वाटतं. पण हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढेच जवळ येतात, आणि वरचा कॅम क्रँकच्या जवळ आल्याने बेल्टचा हिशेब बदलून व्हॉल्व्हची वेळ एखाद्या अंशाने मागे पडते. त्यात कॅमही नवा, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा. मिस्त्रींनी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले थापली, हेड बसवलं, बेल्ट चढवला आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. हेड पुन्हा काढलं. क्लेमध्ये व्हॉल्व्हचे दोन चंद्रकोरी ठसे उमटले होते. ब्लेडने ते मधोमध कापून तळाची जाडी कॅलिपरने मोजली. इनटेकला निदान दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर उरावेत, अशी रीत. एक्झॉस्टकडे पावणेदोनच निघाले. "ह्ये सेल्फ मारून कळलं असतं तर?" ते म्हणाले आणि पिस्टनच्या खाचा खोल करायला लेथवाल्याकडे पाठवून दिले.

ते इंजिन ट्रॅकवर जाणार होतं. माझी गाडी रस्त्यावर चालते, आणि तिथे मामला निराळा आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. म्हणून मिस्त्रींनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मूळचा सायलेन्सर काढू दिला नाही. हेडर तरी नियमात बसतो का, या प्रश्नावर ते गालात हसतात. मला ते हसू तेव्हा पुरलं. आज विचाराल तर पुरत नाही. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तपासणीला येणारा माणूस हसणार नाही.

ताकदीचं काय? कागलच्या बाजूला सकाळी सहा वाजता, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस ते ऐंशी, शेजारी स्टॉपवॉच घेऊन भाचा. काम करण्याआधी सरासरी 9.2 सेकंद. सांधा गळत होता तेव्हा 9.6, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी आवाजामुळे मला गाडी सर्वांत वेगवान वाटली होती. सगळं नीट झाल्यावर 8.9. दहापैकी जेमतेम तीन टक्के, तेही नवी रबरं आणि स्वच्छ प्लग धरून. मजुरी आणि लेथकाम मिळून खर्च हेडरच्या किमतीएवढाच झाला.

जुना मॅनिफोल्ड मिस्त्रींनी भंगारात घालू दिला नाही. पोत्यात बांधून तो माझ्या डिकीत ठेवला. तो आता आमच्या माळ्यावर, आईच्या पितळी घंगाळ्याशेजारी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीचं पासिंग येतं, तेव्हा तो लागणार.

"तवा माझ्याकडंच या," निरोप देताना मिस्त्री म्हणाले. "नटाला कॉपरची पेस्ट लावलीय, सुटतील." मग क्षणभर थांबून, हात पुसत, "चार सुटतील. त्यो कोपऱ्यातला मला अजून पटत न्हाई."