सिझरचा टाका

पोटुशी बाई मेली, तर गर्भ काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा प्राचीन रोमचा एक कायदा होता. नुमा पोम्पिलियस या राजाच्या नावावर तो सांगितला जातो आणि सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात करवून घेतलेल्या कायद्यांच्या संकलनात तो वाचायला मिळतो. 'सिझर' या शब्दाचा माग काढायचा तर या कायद्यापाशी जावं लागतं. ज्युलियस सीझरचा जन्म असा झाला, ही शाळेपासून ऐकलेली गोष्ट टिकत नाही. त्याची आई ऑरेलिया तो पंचेचाळिशीला येईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट चिरलेली बाई वाचतच नसे. सीझर घराण्याचा पहिला पुरुष आईचं पोट चिरून जन्मला, असं प्लिनीने लिहून ठेवलं, तिथून ही दंतकथा पसरली. जर्मन भाषेत तर या शस्त्रक्रियेचं नावच 'कायझरश्निट', सम्राटाचा छेद.

आपल्याकडचा जुना उल्लेखही मेलेल्या आईचाच आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भावर एक अध्याय आहे. प्रसूतीच्या वेळी आई दगावली आणि तिची कूस हलताना दिसली, तर वैद्याने त्याच क्षणी पोट फाडून मूल बाहेर काढावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वातली बिंदुसाराची जन्मकथाही याच जातीची: विषान्न खाल्लेली राणी, आणि मूल वाचवण्यासाठी चाणक्याने उचललेलं शस्त्र. शस्त्र होतं, धाडसही होतं. आई मात्र या हिशेबात नव्हतीच.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा रूसे याने १५८१ साली जिवंत बाईवर ही शस्त्रक्रिया करता येते, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. पण पुढची तीनशे वर्षं अशा बहुतेक बायका रक्तस्रावाने नाहीतर जंतुसंसर्गाने मेल्या. डॉक्टर पोटाची कातडी शिवत, गर्भाशय मात्र तसंच सोडून देत! ते आपोआप आकसतं आणि छेद मिटतो, अशी समजूत होती. शिवाय आत घातलेला टाका पुढे काढायचा कसा, हा प्रश्न. १८४७ साली एडिंबरोत जेम्स सिम्प्सनने बाळंतपणात भूल द्यायला सुरुवात केली. तिने वेदना थांबवल्या, रक्त थांबवलं नाही.

२१ मे १८७६ रोजी इटलीतल्या पाविया इथे एदुआर्दो पोर्रो यांच्यापुढे जूलिया कावाल्लीनी ही पंचवीस वर्षांची पहिलटकरीण होती. उंची जेमतेम १४४ सेंटीमीटर, आणि मुडदुसाने कंबरेची हाडं इतकी वेडीवाकडी झालेली की मूल खालून येणं शक्यच नव्हतं. पोर्रोंनी पोट उघडून बाळ काढलं, आणि छेदातून वाहणारं रक्त थांबेना तेव्हा गर्भाशयच कापून काढलं. आई आणि बाळ दोघंही जगली. यानंतर युरोपभर हीच पद्धत उचलली गेली. बाईचा जीव वाचत होता, पण पुन्हा आई होण्याची वाट कायमची बंद होत होती.

ही वाट पुन्हा उघडली ती १८८२ साली. लायप्झिगच्या माक्स झेंगर या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरने गर्भाशयाचा छेद चांदीच्या तारेने आणि रेशमाने थरांत, नीट कड जुळवून शिवायचा आग्रह धरला. माझ्या मते या शस्त्रक्रियेच्या साऱ्या इतिहासात याहून मोठी गोष्ट नाही. बाई वाचली, गर्भाशयही वाचलं.

युरोपात हे शोध चालले होते त्याच काळात, १८७९ साली, रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने आजच्या युगांडातल्या काहुरा इथे एक शस्त्रक्रिया पाहिली. स्थानिक वैद्याने बाईला केळ्यांची दारू पाजून गुंगी आणली, त्याच दारूने स्वतःचे हात आणि तिचं पोट धुतलं, तापल्या लोखंडाने रक्त थांबवलं, आणि पोटाची जखम लोखंडी टाचण्यांनी जुळवून वर मुळ्यांचा लेप लावला. बाई बरी झाली. कौशल्य फक्त युरोपातच होतं असं मानणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी.

पुढे ग्लासगोच्या मनरो कर यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुजवली. उभ्या छेदापेक्षा त्यात रक्त कमी जातं, तो पक्का भरून येतो आणि पुढच्या बाळंतपणात फाटण्याचा धोकाही कमी असतो. हा फरक आपल्या घरांपर्यंत पोचलेलाच नाही. 'पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझरच' हे वाक्य मूळचं न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. तेव्हा छेद उभा असे. शिवाय डॉक्टरांनी पहिलं सिझर उठसूट करू नये, अशी ताकीद म्हणून ते बोलले होते. ताकीद विसरली गेली, वाक्य उरलं.

आज 'नॉर्मल की सिझर?' हा बारशाआधीचा पहिला प्रश्न असतो, आणि 'सिझर' ऐकलं की 'कळा सोसवल्या नाहीत वाटतं' हा शेराही. हा शेरा सरळसरळ अन्याय आहे. बाळाचे ठोके मंदावले, वार खाली आली, बाळ आडवं किंवा पायाळू आलं, तर बाईच्या सोसण्याचा प्रश्न येतो कुठे? दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातलं सिझरचं प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २१.५ झालं, खासगी दवाखान्यांत ४७.४, सरकारी दवाखान्यांत १४.३. हाडं तीच, कळा त्याच, मग एवढं अंतर का? मुहूर्त साधून केलेली सिझरंही याच आकड्यांत आहेत. आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतली, तर जिवावर बेततं. दर सिझरमागे हा धोका वाढतो.

डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'एलएससीएस' एवढंच लिहिलेलं असतं: खालच्या भागात घेतलेला छेद. घरच्यांनी डॉक्टरांकडून त्यासोबत दोन गोष्टी मराठीत लिहून घ्याव्यात: सिझर का करावं लागलं, आणि गर्भाशयावरचा छेद नेमका कसा होता. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच असेल, असं नसतं. पुढच्या खेपेला नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येईल का, हे डॉक्टर मुख्यतः याच दोन गोष्टींवरून ठरवतात. म्हणून तो कागद पहिल्याच तपासणीला सोबत न्यावा.