ऐकणं आणि मोजणं (भाग ६) : आलेखात खोली किती, स्पीकर किती?

मागच्या भागात माइकची कॅलिब्रेशन फाइल चढवून आपण थांबलो होतो. आता प्रत्यक्ष मोजायचं. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे जॉन मल्केही यांचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बहुतेकांनी उतरवून घेतलं असेल, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. दुसरं काही वापरत असाल तरी गणित तेच. बटण दाबलं की स्पीकरमधून एक खोल हुंकार निघतो, चढत चढत शिट्टीसारखा बारीक होतो आणि कानाच्या टप्प्याबाहेर जातो. ४८ किलोहर्ट्झला २५६ के नमुन्यांचा स्वीप निवडला तर हे सगळं साडेपाच सेकंदांत उरकतं. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा आणि गॅसवर कुकर असेल तर शिट्टी होऊन जाऊ द्या. स्वीप दुप्पट लांब केला की आजूबाजूच्या गोंगाटावर साधारण ३ डेसिबलची सरशी मिळते. रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी ही सवलत जरूर घ्यावी.

हेच काम पूर्वी कसं व्हायचं? हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग म्युझियममधल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणाला धड कळत नसे. १८९५ मध्ये हे दुखणं वॉलेस सेबीन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. त्याच्याकडे ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवायचं यंत्र आणि स्वतःचे कान एवढीच सामग्री होती. रात्री बाहेरची वर्दळ थांबली की तो सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून मांडायचा, नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ नोंदवायचा. रिकाम्या दालनात तो सुमारे साडेपाच सेकंद भरला. शब्दावर शब्द चढणार नाहीत तर काय होणार!

सेबीनच्या नळीतून एका वेळी एकच सूर निघे. आपला स्वीप सगळे सूर एका दमात घेतो. पाठवलेला आवाज आणि माइकने पकडलेला आवाज, दोन्ही हाताशी असल्याने सॉफ्टवेअर उलटं गणित मांडतं : स्पीकरमधून क्षणभराचा एकच ‘टक्’ निघाला असता, तर या जागी कधी, किती ऐकू आलं असतं? या उत्तराला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. बाकीचे सगळे आलेख त्यातूनच निघतात. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाचे आंजेलो फरीना यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत आणखी एक खुबी आहे. १०० हर्ट्झ वाजवताना स्पीकर स्वतःच्या पदरचे २०० आणि ३०० हर्ट्झही थोडे मिसळतो. स्वीप २०० पर्यंत पोचायच्या आधीच २०० ऐकू आला, म्हणजे ती भेसळ. गणितात ती मुख्य ‘टक्’च्या आधी वेगळी उभी राहते आणि अलगद कापून काढता येते.

आता आलेख पाहा. गुळगुळीत रेघेची अपेक्षा असते आणि समोर उभे राहतात सह्याद्रीचे कडे. हा स्पीकरचा दोष समजून पुष्कळ जण दुकानदाराशी भांडायला निघतात. जरा थांबा.

फ्लॅटमधली नेहमीची खोली घेऊ : १२ फूट लांब, १० फूट रुंद, उंची १० फुटांच्या आसपास. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर धरा. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला घुमारा ४८ हर्ट्झला येतो. रुंदीचा ५७ ला. आणि उंचीचाही ५७ लाच! दोघे एकमेकांवर चढतात. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची. भिंतीला टेकून बसलात तर तिच्या आसपासचे सूर इतरांपेक्षा फुगून येतील. खुर्ची नेमकी खोलीच्या मध्यावर ठेवलीत तर लांबी-रुंदीचे हे पहिले घुमारे जवळजवळ गायब होतील. स्पीकर तोच, गाणं तेच. त्यात आपल्या भिंती विटांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. अमेरिकी पुस्तकांत गृहीत धरलेली जिप्समच्या पत्र्यांची भिंत थरथरून थोडा बेस गिळते. आपली भिंत तो जवळजवळ सगळा परत करते. त्यामुळे त्या पुस्तकांतले उपाय जसेच्या तसे उचलू नयेत.

खोलीचं हे राज्य कुठपर्यंत चालतं? जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांचं सूत्र आहे : आवाज विरण्याचा काळ सेकंदांत घ्या, त्याला घनमीटरमधल्या आकारमानाने भागा, वर्गमूळ काढा आणि २००० ने गुणा. आपली खोली ३४ घनमीटरची. गादी, पडदे, कपाट धरून काळ ०.४ सेकंद असेल तर उत्तर येतं २१७ हर्ट्झ. ही काही आखीव सीमा नव्हे, पण साधारण २०० च्या खाली आलेखात जे दिसतं ते बहुतांशी खोलीचं असतं.

वरचा भाग स्पीकरचा म्हणावा, तर तिथेही जमिनीवरून उसळलेला आवाज घुसतोच. त्यासाठी गेट लावायचं. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १ मीटरवर, मध्ये १ मीटर अंतर. थेट आवाज १ मीटर चालतो, जमिनीवरून येणारा २.२४ मीटर. म्हणजे तो साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्याच्या आत इम्पल्स रिस्पॉन्स कापला की उरतो तो केवळ स्पीकर. मात्र साडेतीन मिलिसेकंदांच्या तुकड्यात २८० हर्ट्झच्या खालचं एकही आवर्तन पुरं मावत नाही, त्यामुळे त्याखालची रेघ कितीही देखणी दिसली तरी ती निव्वळ कल्पना. दोन्ही वस्तू उंच स्टुलावर चढवून जमीन आणि छताच्या बरोबर मध्ये, बाजूच्या भिंतींपासूनही सारख्या अंतरावर ठेवल्या, तर गेट ६ मिलिसेकंदांपर्यंत ताणता येतं आणि १६० पर्यंत विश्वास ठेवता येतो. त्याखालचं पाहायचं तर माइक शंकूला अगदी चिकटवून मोजावं. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये ही युक्ती पक्की करून दिली.

आता दुरुस्तीचा मोह. सॉफ्टवेअर आपणहून इक्वलायझरचे आकडे काढून देतं आणि पोरं ते डोळे मिटून भरतात. कडे छाटायला माझी हरकत नाही, तिथे इक्वलायझर खरंच उपयोगी पडतो. दऱ्या बुजवू नयेत. स्पीकरचा शंकू मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज १४५ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला मारतो. तिथे १२ डेसिबल चढवले तर अॅम्प्लिफायरवर जवळजवळ १६ पट भार पडेल, आणि परतणारा आवाजही तेवढाच चढेल. दरी जागच्या जागी राहील, फक्त व्हॉइस कॉइल तापेल. स्पीकर हातभर सरकवला तर दरीची जागा बदलते, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसऱ्याचा आलेख वाचताना आधी उभी पट्टी पाहा. ५० डेसिबलच्या उंचीत जे भयाण दिसतं तेच १५० च्या उंचीत सपाट मैदान होतं. मग स्मूदिंग विचारा. एक तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग केलं की अरुंद खड्डे बुजतात. जाहिरातींना ते फार आवडतं. घरी बेस तपासताना एक चोविसांशावर ठेवा.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करा : खुर्चीच्या जागी एकदा मोजा, मग माइक पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे फूटभर सरकवून पुन्हा मोजा आणि पाचही रेघा एकावर एक ठेवा. ज्या दऱ्या माइकबरोबर सरकतात त्या सोडून द्या. जे उंचवटे पाचही रेघांत एकाच जागी ठाण मांडून बसलेत त्यांची वारंवारता लिहून ठेवा. पुढच्या भागात वॉटरफॉल आलेखावर ते किती वेळ घुमत राहतात ते पाहू.