साठीनंतरचा कणा आणि बासचे खोके

घरात पेटी किंवा तबला असेल तर त्यांच्या वजनाची चर्चा सहसा होत नाही. बास गिटार वाजवणाऱ्याच्या घरी मात्र वाद्याहून कितीतरी जड असते ते त्याच्या आवाजाचे खोके, म्हणजे स्पीकरची पेटी. तरुणपणी ऑर्केस्ट्रात बास वाजवलेली मंडळी आता साठी-सत्तरीत पोहोचली आहेत.

असेच एक सेवानिवृत्त गृहस्थ मागच्या हिवाळ्यात कंबर धरून माझ्या नागपूरच्या दवाखान्यात आले. कार्यक्रम आटोपल्यावर मध्यरात्री पत्नीच्या मदतीने त्यांनी खोके दुसऱ्या मजल्यावर चढवले होते. मुलगी म्हणाली, “डॉक्टर, ते विकायला सांगा बाबांना.” बाबा काहीच बोलले नाहीत. ते मौन मला कंबरदुखीपेक्षा अधिक चिंतेचे वाटले.

हे खोके जड असण्यास कारण आहे. बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात. इतका खर्ज ऐकू येण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून मोठे स्पीकर, जाड प्लायवूड आणि वजनदार लोहचुंबक. अँपेग कंपनीचे आठ स्पीकरचे प्रसिद्ध खोके 63 किलोंच्या घरात जाते.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायॉश’ने 1991 साली एकट्याने उचलण्याच्या वजनाची मर्यादा 23 किलो सांगितली, तीही कामकरी माणसांसाठी आणि वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर असताना. हातभर दूर धरले की ती मर्यादा निम्म्याहून खाली येते. खोके रुंद असल्याने त्याचा भार छातीपासून दूरच राहतो. म्हणून हलके खोकेही कंबरेला फसवते. शिवाय श्वास रोखून जोर लावताच रक्तदाब उसळतो. हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी, तसेच डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी खोक्याला हातच लावू नये.

आणि दुसरे टोक धरणाऱ्या पत्नीचे काय? तिची तपासणी कोणी करत नाही. हाडे ठिसूळ झाली असतील तर न पडताही, केवळ वाकून उचलण्याने, मणका दबून मोडू शकतो. त्या घरी औषधाची अधिक गरज कोणाला होती, हे मला उशिरा कळले.

वाद्य विकू नका, ओझे बदला. निओडायमियम चुंबकाचे स्पीकर बरेच हलके असतात आणि आजचे काही अँप्लिफायर तीन किलोंच्या आतबाहेर मिळतात. सभागृहात ध्वनियंत्रणा असेल तर गिटार थेट तिला जोडता येते. खोके नेण्याचे कारणच उरत नाही. न्यायचेच असेल तर चाकांची ट्रॉली घ्या आणि जिन्यासाठी दोन तरुण माणसे बोलवा. जिन्यात खालच्या माणसावर भार अधिक येतो, तेव्हा तिथे ज्येष्ठांनी उभे राहू नये. खोके निसटले तर सावरायला धावू नका, बाजूला व्हा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय पाहा. जखम झाल्याचे कळतही नाही.

उचलल्यानंतर पायातील शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर मालिश, शेक यांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठा.

त्या गृहस्थांचे खोके आता तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या खोलीत असते. शनिवारी ते तिथे जाऊन वाजवतात. मुलीची तक्रार आता आवाजाबद्दल आहे.