आधी तुमच्या लिपीत वाचा

जर्मनीतल्या एका शहरातली फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांना शिकवणारी सार्वजनिक संस्था. पॅसेजमधल्या खुर्च्यांवर माणसं कागदपत्रांच्या फायली मांडीवर घेऊन बसली आहेत. जर्मन शिकायला कुणाला कोणत्या वर्गात घालायचं, हे आज ठरणार आहे. चाचणी घेणाऱ्या बाईंच्या परवानगीने मी खोलीत एका बाजूला बसलो आहे.

पहिली येते ती एरिट्रियाहून आलेली चाळिशीची स्त्री. समोर साधा फॉर्म: नाव, पत्ता, जन्मतारीख. ती एकेक रोमन अक्षर चित्र काढावं तसं काढते आणि दोन अक्षरांनंतर थांबते. एवढ्यावर निकाल दिला तर ती निरक्षर ठरेल. बाई फॉर्म बाजूला ठेवतात आणि तिग्रिन्या भाषेतला छापील मजकूर पुढे करतात. तिची मान वर होते. ती न अडखळता वाचत जाते. फोनवरचा दुभाषी अर्थ सांगत राहतो. मला ती लिपी येत नाही, पण तिची घडण ओळखीची आहे: एकेका व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपं, आपल्या बाराखडीच्या वळणाची. जिला हे येतं तिला वाचन म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको. तिला फक्त आणखी एक लिपी हवी आहे.

दुसरा अफगाण, पन्नाशीचा. कागदोपत्री जन्म 1 जानेवारीचा. नेमकी तारीख माहीत नसली की बहुतेकदा हीच लागते. दरी भाषेतला मजकूर तो क्षणभर बघतो आणि परत देतो. शाळा नव्हती, दुभाषी सांगतो. बाई पेन्सिल देऊन रेघा आणि गोल गिरवायला सांगतात. तो पेन्सिल मुठीत धरतो, टोक मोडतं. मग बाई विचारतात, दहा युरो दिले, वस्तू तीन युरो चाळीस सेंटची, परत किती? सहा साठ, उत्तर तत्काळ येतं. बाई तेही लिहून घेतात.

तिसरी सीरियाची तरुण मुलगी, तिसरीनंतर शाळा सुटलेली. अरबी मजकुरावरून तिचं बोट उजवीकडून डावीकडे एकेका अक्षरावर सरकतं. ओळ संपते, पण काय वाचलं ते तिला सांगता येत नाही.

नेहमीच्या अभ्यासक्रमात भाषेच्या 600 तासिका असतात, साक्षरतेच्या अभ्यासक्रमात 900 आणि गरज पडल्यास आणखी 300. तासिका 45 मिनिटांची. दुसरी लिपी येणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग असतो. म्हणूनच इथली चूक महाग पडते. एरिट्रियाच्या स्त्रीला पेन्सिल धरायला शिकवत बसलं तर तिचे महिने वाया जातील. अफगाण गृहस्थांना नेहमीच्या वर्गात ढकललं तर ते काही दिवसांत येणं सोडतील, आणि लोक म्हणतील, यांना शिकायचंच नाही.

मला वाटतं, अशा प्रत्येक टेबलावर माणसाच्या स्वतःच्या लिपीतलं एक पान असायलाच हवं. परक्या लिपीतल्या फॉर्मवरून माणसाला काय येत नाही तेवढंच कळतं. शिकवणाऱ्याला मात्र सुरुवात करावी लागते ती येतं तिथून. बाईंनी तिघांचे कागद तसेच भरले आहेत. पहिलीच्या कागदावर दुसऱ्या लिपीच्या वर्गाची शिफारस आहे. तिसरीच्या कागदावर ‘अक्षरं ओळखते, आता अर्थासकट वाचन’. अफगाण गृहस्थांच्या कागदावर ‘तोंडी हिशेब पक्का, आकड्यांपासून सुरुवात करावी’.