आधण (भाग ४) : खुडल्यानंतरचे काही तास

वांगं चिरलं की फोडी आपण लगेच पाण्यात टाकतो. नाहीतर फोडणी होईपर्यंत त्या काळ्या पडतात. सुरी फिरली की पेशी फुटतात, आतल्या रसातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने कामाला लागतं आणि पांढरी फोड तपकिरी होते. चहाचे प्रकार समजून घ्यायला एवढं वांगं पुरेसं आहे.

कारण चहाचे प्रकार झाडावर नसतातच. ग्रीन टी, ऊलाँग, दार्जिलिंग आणि तुमच्या-माझ्या डब्यातली चहापूड, सगळं एकाच जातीच्या झाडाचं : कॅमेलिया सायनेन्सिस. तिचे मुख्य वाण दोन, बारीक पानाचा चिनी आणि रुंद पानाचा आसामी. चवीत वाणाचा, मातीचा, उंचीचा वाटा आहे, नाही असं नाही. पण पान हिरवं राहणार की काळं होणार, हे खुडल्यानंतरच्या काही तासांत ठरतं. पान चुरडलं की वांग्याच्या फोडीत होतं तेच त्याच्यात सुरू होतं. ते होऊच द्यायचं नाही, मध्येच अडवायचं, की पुरतं होऊ द्यायचं? चहाचे बहुतेक प्रकार म्हणजे या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं.

युरोपला हे बराच काळ ठाऊक नव्हतं. सगळ्या वनस्पतींना नावं देत सुटलेल्या लिनिअसनेसुद्धा १७६२ मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन वेगळ्या जाती नोंदवून ठेवल्या. चीनमधल्या मळ्यांपर्यंत परक्यांना पोचताच येत नव्हतं, मग दुसरं काय होणार! रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी १८४० च्या दशकात तिथे पोचला, तेव्हा एकाच झाडापासून दोन्ही चहा होतात हे त्याने स्वतः पाहिलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी तो डोकं भादरून, शेंडी लावून, चिनी वेषात हिंडला. हिरव्या चहाच्या एका कारखान्यात त्याला कामगारांचे हात निळे दिसले. परदेशी जाणाऱ्या चहाला झळझळीत रंग यावा म्हणून त्यात प्रशियन ब्लू आणि जिप्सम मिसळत होते. गोऱ्यांना असा चहा आवडतो, म्हणून. चिनी लोक स्वतः तो पीत नसत.

आता ती उत्तरं पाहू. विकर थांबवायचं तर पान तापवायचं. चिनी कारागीर ते गरम कढईत परततात, जपानी वाफवतात. परतलेला पालक आणि वाफवलेला पालक यांत जो फरक, तोच इथेही. चीनच्या लोंगजिंगला भाजल्याचा खमंग वास येतो, जपानच्या सेंचाला ओल्या हिरवळीचा. दोन्ही ग्रीन टीच. पाणी मात्र खळखळतं नको, ७०-८० अंशांचं पुरे. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं पिशवी बुडवायची, कडू झाला म्हणून तोंड वाकडं करायचं आणि वर मध ओतायचा, हा आपल्याकडचा ग्रीन टी. त्याने वजन उतरतं का, या प्रश्नाचं उत्तर या लेखमालेत मिळणार नाही.

पांढऱ्या चहावर तर काहीच करत नाहीत. लव असलेले कोवळे कोंब सुकवायचे, संपलं. पिवळा चहा म्हणजे हिरवाच, फक्त ओलसर असताना झाकून मुरवलेला. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

ऊलाँग मात्र खरी कारागिरी. पानं टोपलीत हलवतात, घुसळतात, त्यामुळे कडा दुखावतात आणि मधला भाग शाबूत राहतो. थोडा वेळ ठेवायचं, पुन्हा हलवायचं. हवा तेवढा वास सुटला की कढईत टाकून सगळं थांबवायचं. नीट बनवलेल्या ऊलाँगचं पान भिजून उलगडलं की मध्ये हिरवं आणि कडेला तांबूस दिसतं, जणू किनार काढलेली.

काळ्या चहात पान आधी बारा ते अठरा तास कोमेजू देतात, मग वळतात आणि पुरतं काळवंडू देतात. कारखान्यात याला फर्मेंटेशन म्हणतात, पण यात आंबण्यासारखं काही नाही. खरा आंबतो तो युन्नानचा पुअर. त्याचे ढीग ओले करून झाकून ठेवतात आणि जंतू त्यांचं काम करतात, आपल्या डोशाच्या पिठासारखं. बहुधा ३५७ ग्रॅमच्या चकत्या करून तो वर्षानुवर्षं ठेवतात.

दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडणीच्या चहाला पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. त्या वासात मोठा हात तुडतुड्यांचा असतो. होय, तुडतुडेच. कपाशीवर त्यांचे भाऊबंद दिसले की आपला शेतकरी फवारणीचा पंप उचलतो. चहाच्या झाडाला ते डसले की झाड प्रतिकारासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पेल्यात उतरतात.

मग आपली दाणेदार चहापूड? ती काळ्या चहाचीच, पण यंत्रातून निघालेली. १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुडी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी ते यंत्र बनवलं. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन दातेरी रुळांमधून पान जातं, चिरडतं, फाटतं, गोळी होऊन बाहेर पडतं. या क्रशिंग, टेअरिंग, कर्लिंगवरूनच त्याला सीटीसी म्हणतात. पानाची एकही पेशी धड राहत नाही, म्हणून रंग आणि कडकपणा दोन मिनिटांत उतरतो. तोच चहा दुधापुढे, आल्यापुढे आणि टपरीवरच्या सततच्या उकळीपुढे टिकतो. त्यातला सगळ्यात बारीक दर्जा म्हणजे ‘डस्ट’. नावावर जाऊ नका, तो केर नव्हे, चाळणीतून पडलेला बारीक दाणा आहे.

पानाच्या चहाचे शौकीन सीटीसीला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कटिंगसाठी सीटीसीच हवा. दार्जिलिंगची पहिली तोडणी दुधात उकळणं हा मात्र पैशांचा चुराडा. आणि गवती चहा? तो चहाच्या कुळातलाच नाही, ते सुगंधी गवत. चहात घाला, छान लागतं, पण त्याला प्रकारांत धरू नका.

पुढच्या आठवड्यात दुधाकडे वळू. तोवर एक करा. उद्या सकाळचा चोथा कुंडीत टाकण्याआधी चमचाभर बशीत पसरा. कुणाकडून पानाचा चहा मिळाला, तर त्याचाही चोथा शेजारी ठेवा. एका बाजूला फुगलेले दाणे दिसतील, दुसऱ्या बाजूला देठासकट उलगडलेली पानं.