हॅमस्टर : घरात आणि घराबाहेर



संपांची भाषणे करणाऱ्या माणसाने आज हॅमस्टरविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु अपघात हा माझा जुना विषय आहे. यंत्रात बोट सापडले की व्यवस्थापक म्हणतो, "कामगार निष्काळजी होता." आम्ही विचारतो, "यंत्रावर जाळी होती काय?" गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मुलीचे हॅमस्टर गॅलरीत उष्म्याने मेले, तेव्हा मीही तिला निष्काळजीच म्हणालो. रात्री चाक खडखडते म्हणून पिंजरा गॅलरीत हलवावयास मीच लावला होता. सकाळी तेथे सावली असे. दुपारी ऊन फिरले.

हा प्राणी मूळचा सीरियातील अलेप्पोच्या परिसरातला आणि लगतच्या दक्षिण तुर्कस्तानातला. 1930 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात खणून एक मादी व तिची पिल्ले मिळवली. आज पाळली जाणारी बहुतेक सोनेरी हॅमस्टरे त्याच कुटुंबाची वंशज होत. त्या पिल्लांतलीही काही लाकडी पिंजरा कुरतडून पसार झालीच! रानात हा जीव एकटा राहतो आणि अर्ध्या मीटरहून खोल बीळ करतो. तेथे ऊन पोचत नाही. खोल बीळ, एकांत आणि गारवा या त्याच्या तीन मागण्या. त्या नाकारल्या की अपघात घडतात.

पहिली मागणी घ्या. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हॅमस्टरांना 10, 40 आणि 80 सेंटिमीटर जाडीचे अंथरूण दिले होते. 10 सेंटिमीटरवाली हॅमस्टरे पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडत. तारा कुरतडून दात मोडतात, तारांवर चढून पडले की पाय मोडतो. तेव्हा पिंजरा उंचीपेक्षा लांबरुंद असावा, आणि त्यात कागदाचे कपटे व वाळलेले गवत भरपूर भरावे. कापूस घालू नये. त्याचे धागे पायांना गुंडाळतात, पोटात अडकतात. चाकाला गज नसावेत, सलग पृष्ठभाग असावा. आणि धावताना पाठ वाकू नये इतके ते मोठे असावे.

दुसरी मागणी एकांताची. "एकट्याला करमणार नाही" म्हणून आपण सोबती आणतो. मोठी झालेली दोन सोनेरी हॅमस्टरे जीव जाईपर्यंत भांडतात.

तिसरी मागणी आपल्याकडे सर्वांत निकडीची. 20 ते 24 अंश तापमान त्याला मानवते. पिंजरा खिडकी, गॅलरी आणि स्वयंपाकघर यांपासून दूर ठेवावा. ते सुस्त पडून धापा टाकू लागले तर गार जागी न्यावे, थंड पाण्यात बुडवू नये आणि पशुवैद्य गाठावा.

आता घराबाहेर. बागेत फिरविण्याची त्याला गरज नाही. तेथे मांजर आहे, घार आहे, फवारलेले गवत आहे. पशुवैद्याकडे जाताना हवा खेळेल अशा घट्ट डब्यात जुने अंथरूण घालावे, म्हणजे ओळखीचा वास राहतो. पाण्याऐवजी काकडीची फोड ठेवावी आणि सकाळच्या गारव्यात निघावे.

तरीही ते घरात निसटले, तर दारे लावावीत, विजेच्या तारा सोडवाव्यात, उंदरांचे विष व चिकट सापळे तत्काळ उचलावेत. दिवे मालवून प्रत्येक खोलीत थोडे दाणे ठेवावेत आणि शांत बसावे. हा निशाचर आहे, रात्री खडबड ऐकू येईल. सापडल्यावर शिक्षेचा विचार नको, फट शोधावी.

कारण पळणारा प्राणी खोडकर नसतो, आणि मुलेही सहसा निष्काळजी नसतात. व्यवस्था कोणी लावली, हे आधी विचारावे. घरात ती आपण मोठी माणसे लावतो. मुलीजवळ मी तसे कबूल केले आहे, आपल्यापुढेही करतो.